सात मशिनींचं बिऱ्हाड

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना सगळी बिल्डिंग केबी म्हणते. मीही तेच म्हणते, फक्त तोंडावर 'केबीभाऊजी' म्हणते, कारण त्यांच्या बायकोशी माझं बहिणीसारखं आहे आणि त्यांच्याकडे डोकावल्याशिवाय माझं पान हलत नाही. केबी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. हजारो तारांच्या जंजाळात नेमक्या कुठल्या तारेला कुठे कथलाचा डाग देऊन जोडायचं हे त्यांना डोळे मिटून कळायचं म्हणतात. निवृत्त झाल्यावर जोडायला तारा उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी जुने घरगुती कॉम्प्युटर जमवायला घेतले. टीव्हीला जोडायचे, नुसता कीबोर्ड म्हणजेच सगळं मशीन, आत मेमरी चौसष्ट के.बी.

एक के.बी. म्हणजे साधारण अर्धं पान मजकूर, हे आता आमच्या बिल्डिंगमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कारण या माणसाने जगातली प्रत्येक गोष्ट त्याच मापात मोजली. मी दारात उभी राहून थोडं बोलले की आतून आवाज यायचा, "वहिनी, अठ्ठावीस झाले." पहिल्या दिवशी मला वाटलं माझं वय विचारतायत की काय. नाही म्हटलं तरी बरं वाटलं होतं.

तर अशी मशीनं त्यांच्याकडे सात. सातही आतल्या खोलीत, सातही कायम चालू. कारण हे मशीन बंद केलं की सगळं विसरतं, मग कॅसेट लावून त्याला पुन्हा पढवावं लागतं. कॅसेट म्हणजे गाण्यांची असते तीच, टेपरेकॉर्डरवर लावायची. गाण्याऐवजी त्यातून एक किंकाळी येते. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा आणि तो वीस मिनिटं उचलूच नये, तसा आवाज. आणि एका मशीनमध्ये एका वेळी एकच काम मावतं. म्हणून कामं सात आणि मशीनं सात.

कामं तरी कसली? पहिल्यावर आमची लिफ्ट कधी बंद पडली आणि आत कोण होतं याची नोंद. त्यावरून त्यांनी एकदा गणित मांडून जाहीर केलं की येत्या गुरुवारी लिफ्ट अडकणार. गुरुवारी सगळी बिल्डिंग धापा टाकत जिने चढली. लिफ्ट दिवसभर रिकामी वरखाली करत होती. दुसऱ्यावर खिडकीतून दिसणाऱ्या ढगांची मोजणी. तिसऱ्यावर शब्दकोडी. चौथ्यावर सापाचा एक खेळ, ज्यात ते स्वतःच स्वतःला हरवायचे आणि जेवताना चिडलेले असायचे. सहाव्यावर गाणी, म्हणजे 'पीं' आणि 'पूं' एवढ्या दोनच सुरांत बसवलेली. सातवं रिकामं. ते का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, ते पाहुण्यांसाठी. त्यांच्या घरात माणसांच्या पाहुण्यांना खोली नव्हती, पण पाहुण्या कामाला एक अख्खं मशीन राखून ठेवलेलं. पाचव्यावर काय होतं ते मात्र सांगायचे नाहीत. खाजगी आहे म्हणायचे. मी दोनतीनदा फडकं मारण्याच्या निमित्ताने डोकावले, पण पडदा काळा.

केबींच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, हे इतकी वर्षं चालू कसं दिलं, असं कुणालाही वाटेल. वहिनी म्हणजे साधी बाई नाही. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत त्या सुपरवायझर होत्या. सहा पैलवान हाताखाली घेऊन त्यांनी अख्खी बिऱ्हाडं चौथ्या मजल्यावर चढवली आहेत. कुठला सोफा कुठल्या जिन्यात अडकेल हे त्या नुसत्या जिन्याकडे बघून सांगायच्या. अशा बाईच्या घरात एक खोली नवऱ्याच्या मशिनींनी अडवलेली. त्या म्हणायच्या, मी जगाचं सामान हलवलं, फक्त हे एक सामान हलत नाही. ते नवऱ्याला उद्देशून असायचं.

मग वहिनींच्या मोठ्या बहिणीचं, अक्कांचं, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. अक्का म्हणजे केबींची आकडसासू. बोलण्यात अशा की समोरच्याने 'हं' म्हणायला तोंड उघडलं तरी त्यांना ते मधे बोलणं वाटतं. अक्का एकट्याच राहतात, त्यामुळे हॉस्पिटलमधून सुटल्यावर दोन महिने बहिणीकडे येणार. शनिवारी दुपारी सोडणार होते. आणि पाय लांब करून झोपता येईल अशी खोली घरात एकच, आतली.

रविवारी सकाळी वहिनींनी विषय काढला तेव्हा मी तिथेच होते. साखर मागायला गेले होते आणि साखर मिळून अर्धा तास झाला होता. केबींनी बरेच पर्याय सुचवले. मशीनं तशीच राहू देत, अक्का मधे झोपतील. मशीनं पलंगाखाली घालू. शेवटी म्हणाले, बाहेरच्या पॅसेजमध्ये ते अरुंद टेबल आहे, त्यावर एक तरी राहू दे.

वहिनी म्हणाल्या, "एकाने भागतं का तुमचं? इतकी वर्षं तर सांगत होतात की सातही लागतात."

"लागतातच. एकात एकच मावतं."

"मग असं करू. सातांचं सगळं एकात मावलं, तर ते एक राहील टेबलावर. नाही मावलं, तर मग एक ठेवून तरी काय उपयोग? सातही जातील. शुक्रवारी अकराला भंगारवाल्याला बोलावलंय."

स्वतःच्याच बोलण्यात माणूस इतका चपखल सापडलेला मी आजवर पाहिला नव्हता. मशीनं गेली म्हणजे कॅसेटीही गेल्या, कारण त्या वाजवायच्या कशावर? सगळं आयुष्य किंकाळ्या होऊन डब्यात पडून राहिलं असतं. मी साखरेची वाटी घेऊन उठले. पाऊण के.बी. सुद्धा बोलले नाही, यावरून काय ते समजा.

पण केबींनी हातपाय गाळले नाहीत. या जुन्या मशिनींचे भक्त जगात बाराजण आहेत, त्यात हे नववे. नाव कुणी कुणाचं विचारत नाही, नंबरानेच ओळख. त्यातला चौथा, जो कुठल्याशा लांबच्या देशात दातांच्या कवळ्या बनवतो, त्याने मेमरी वाढवायची एक पट्टी बनवली होती आणि प्रत्येकाला एकेक पाठवली होती. केबींची पट्टी वर्षभर कपाटात होती. चौसष्टचे थेट पाचशेबारा करणारी. ती त्यांनी आता बाहेर काढली.

सोमवारी जेवणाच्या टेबलावर, रिकाम्या सातव्या मशीनमध्ये पट्टी बसवायला डाग द्यायचं काम झालं. वहिनींनी वरण बाजूला सरकवलं आणि भिंग धरून उभ्या राहिल्या, कारण पैज पैजेच्या जागी, पण नवऱ्याला बारीक दिसत नाही हे त्यांना माहीत. चाळीस डाग दिले. एकही चुकला नाही. मग टीव्ही लावला, बटण दाबलं, आणि मशीनने उठल्या उठल्या नेहमीसारखं लिहिलं: मेमरी चौसष्ट.

आत पाचशेबारा बसवलेली, आणि हे म्हणतंय चौसष्ट. केबी म्हणाले, बरोबरच आहे, बिचाऱ्याला चौसष्टच्या पुढे मोजायला कुणी शिकवलेलंच नाही. ते शिकवायचं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम नवी घालायची, म्हणजे मशीनला उठणं-बसणं शिकवणारं जे मूळ शहाणपण असतं ते. ती नवी सिस्टिमही चौथ्यानेच लिहिलेली. आता आपल्या मोबाइलला असं काही नवं यायचं असलं तर रात्री झोपेत येऊन जातं, सकाळी फक्त घड्याळाचं अक्षर बदललेलं असतं आणि आपण मुलाला हाका मारतो. या बाराजणांचं तसं नाही. त्यांचा दंडक असा की नवी सिस्टिम फोनवरूनच घ्यायची. तिकडे चौथा आपल्या टेपची किंकाळी फोनच्या तोंडाशी धरणार, इकडे नववा आपला टेपरेकॉर्डर फोनच्या कानाशी लावून ती भरून घेणार. ईमेलने सरळ पाठवता येत नाही का, असं मी विचारलं, तर केबींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी लग्नाला नवरा कुरिअरने का येत नाही असं विचारलं. मशीनचं बोलणं मशीनने कानाने ऐकलं पाहिजे, म्हणाले.

बुधवारी सकाळी दहाला फोन ठरला. अठरा मिनिटांची किंकाळी, आणि मधे दुसरा कसलाही आवाज मिसळला की सगळं मुसळ केरात. वहिनींनी कुकर बंद ठेवला, नळ घट्ट केले, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. दारावर केबींनी चिठ्ठी लावली: घंटी वाजवू नये.

आता मला सांगा, रोजच्या दारावर अशी चिठ्ठी दिसली तर शेजारधर्म म्हणून काही चौकशी करायची की नाही? मी थांबले. पंधरा मिनिटं थांबले. घरात काही बरंवाईट तर नाही ना, या काळजीने जीव राहीना. मग ही चिठ्ठी कशाबद्दल आहे ते विचारायला मी घंटी वाजवली.

वहिनींनी दार उघडलं आणि चिठ्ठीवर बोट ठेवलं. आतून किंकाळी थांबल्याचा आवाज आला. आवाज थांबल्याचा आवाज असतो, तो मी त्या दिवशी ऐकला. केबी बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, सतराव्या मिनिटाला. मी म्हटलं, भाऊजी, माझी घंटी आहेच किती, अर्धा के.बी. तर त्यांनी दार लावून घेतलं. माझ्याच तोंडावर, हे विशेष.

प्रायश्चित्त म्हणून गुरुवारच्या फोनला मी जिन्यात पहारा दिला. पेपरवाल्याला तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीवरून येत होत्या, त्यांना चपला हातात घ्यायला लावल्या. लिफ्ट दुरुस्त करणारा आला, त्याला म्हटलं आज नको, आज ती बंदच छान आहे. मला स्वतःला दोन शिंका आल्या, त्या मी पदरात घेतल्या. अठरा मिनिटांनी वहिनींनी दार किलकिलं करून मान हलवली. भरून झालं होतं. दूरच्या त्या चौथ्याने फोनवर 'बाय' म्हटलं, केबींनी 'बाय' म्हटलं. वहिनी म्हणतात, नऊ वर्षांची दोस्ती आहे आणि दोघांचं आजवरचं संभाषण म्हणजे हॅलो, किंकाळी, बाय. तरी त्या माणसाच्या वाढदिवसाला त्यांच्याकडे गोड होतं.

मग कॅसेट मशीनला ऐकवायला घेतली. मी आत जाऊन बसले, आता मला हक्क होता. निम्म्याच्या पुढे गेलं आणि मशीन थांबलं. पडद्यावर लिहिलं: जागा नाही.

केबींनी पुन्हा लावलं. पुन्हा जागा नाही. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि आम्हा दोघींना समजावून सांगितलं. नवी सिस्टिम सत्तर के.बी.ची. मशीनला दिसते जागा चौसष्ट. पुढची जागा आहे, पण ती दिसायला नवी सिस्टिम आत जायला हवी. आणि नवी सिस्टिम आत जायची तर पुढची जागा दिसायला हवी. चौथ्याच्या मशीनला डिस्क आहे, तिच्यावरून हवं तेवढंच थोडंथोडं आत घेता येतं, त्यामुळे त्याला हा घोळ कधी कळलाच नाही, आणि केबींकडे फक्त टेप. बाकीच्या दहाजणांना विचारलं, तर तिघांची पट्टी अजून कपाटात होती, आणि बाकीचे म्हणाले तुझं झालं की आम्हाला सांग.

संध्याकाळी मी पुन्हा गेले तेव्हा केबी आतल्या खोलीत स्टुलावर बसून वही भरत होते. पहिल्या मशीनच्या पडद्यावरून लिफ्टच्या नोंदी एकेक करून हाताने उतरवत होते. मशीनं जाणार हे त्यांनी मनातून धरलं होतं. भराभर लिहीत होते, कारण सकाळी अकराच्या आत सातांचं सगळं वहीत काही येणार नव्हतं. मला चेष्टा सुचेना. असं माझं वर्षातून एकदाच होतं.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. वहीत डोकावल्या. मग म्हणाल्या, "अहो, ते सत्तर सलगच न्यायचंय का आत?"

"म्हणजे?"

"कपाट दारापेक्षा मोठं असलं तर आम्ही काय दारावर आपटत बसायचो का? आधी एक माणूस नुसता रिकाम्या हाताने वर जातो. तो दार उघडतो, मधलं काय ते हलवतो, जागा करून उभा राहतो. मग कपाट. तेही सुटं करून, आधी कप्पे, मग खोका. तुमच्यात असा रिकाम्या हाताने जाणारा माणूस नाही का?"

केबींनी पेन खाली ठेवलं. मग स्टूल फिरवलं, मशीन पुढे ओढलं आणि टाइप करायला लागले. त्यांच्यात तसा माणूस असतो म्हणे. वीस ओळींचा छोटासा प्रोग्राम, त्याने आत जाऊन फक्त एवढंच सांगायचं की पुढेही खोल्या आहेत. सिस्टिमचे दोन तुकडे करायचे, एक तिसऱ्या मशीनवर, एक चौथ्यावर, आणि दोन वेगळ्या कॅसेटी भरायच्या. शब्दकोडी आणि साप यांना तेवढ्यासाठी बाहेर काढलं. जेवणाआधी दोन्ही कॅसेटी तयार होत्या, आणि वहिनींनी कुकरच्या मुद्दाम तीन शिट्ट्या होऊ दिल्या.

शुक्रवारी अकराला भंगारवाला बरोबर आला. हातगाडी खाली लावून वर आला आणि म्हणाला, कुठंय माल. पडद्यावर तेव्हा पहिला तुकडा चढत होता. वहिनींनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. तो म्हणाला, हे ओरडतंय काय? केबी म्हणाले, शिकतंय. भंगारवाल्याने मान डोलावली. त्याच्या घरीही एक असं शिकत होतं म्हणाला, बारावीला.

दुसरा तुकडा चढला. किंकाळी थांबली. पडदा काळा झाला, मग निळा झाला, आणि त्यावर अक्षरं आली: मेमरी पाचशेबारा. केबींनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा वाचलं. भंगारवाला म्हणाला, वाढली ना? त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण खोलीतल्या हवेवरून कळतं माणसाला.

पण पैज अजून पुरी नव्हती. सहाही कामं एकात मावायला हवी होती, आणि वहिनी खुर्ची ओढून पंचासारख्या बसल्या. एकेक कॅसेट लागली. लिफ्ट गेली आत. ढग गेले. कोडी गेली. साप गेला. प्रत्येक काम आत गेलं की ते मशीन बंद व्हायचं आणि भंगारवाला ते उचलून खाली ठेवून यायचा. दोन वाजत आले. त्याने मधे दुसरं गिऱ्हाईक फोनवर परत पाठवलं, मी अडकलोय म्हणाला, इथे काम चालू आहे.

पाचव्याची कॅसेट लावताना केबी घुटमळले. हे आपण नंतर करू, म्हणाले. वहिनी म्हणाल्या, नंतर नाही, आत्ता. मी खुर्ची थोडी पुढे घेतली.

पडद्यावर याद्या होत्या. वहिनी रोज कामावरून येऊन जेवताना जे काय सांगायच्या, ते या माणसाने वर्षानुवर्षं टाइप करून ठेवलं होतं. कुठलं बिऱ्हाड, कितवा मजला, काय काय सामान. 'पिंजरा, पोपट नाही.' 'एकच माणूस, पलंग चार.' 'म्हातारीने घड्याळ स्वतःच्या मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसायचा हट्ट धरला, हिने बसू दिलं.' आणि मधेच एका ओळीत: 'कपाट दारापेक्षा मोठं. हिने आधी माणूस रिकाम्या हाताने वर पाठवला, मग कपाट सुटं केलं.'

म्हणजे काल दिवसभर हा माणूस ज्या उत्तरासाठी डोकं फोडत होता, ते त्याच खोलीत, हातभर अंतरावर, त्यानेच लिहून ठेवलेलं. मी हसायला तोंड उघडलं, पण वहिनींकडे पाहिलं आणि मिटलं. वहिनी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन वाचत होत्या.

मग म्हणाल्या, "हे चुकलंय. पलंग पाच होते. पाचवा गॅलरीत होता."

केबींनी लगेच चाराचे पाच केले.

गाणी आत गेली, आणि सातवं तर हेच होतं, पाहुण्यांसाठी राखलेलं. सगळं मिळून तीनशे के.बी. भरले. मावलं. सहा मशीनं खाली गाडीवर गेली, कारण शब्द म्हणजे शब्द. केबी गॅलरीत उभे राहून गाडी वळेपर्यंत बघत होते. भंगारवाल्याने मात्र एक मशीन दोरीने बांधलं नव्हतं, पुढे हँडलपाशी वेगळं ठेवलं होतं. नंतर कळलं की ते त्याने विकलंच नाही. बारावीतल्या पोराला दिलं, आणि आता त्या बाराजणांचे तेराजण झालेत.

शनिवारी अक्का आल्या. खोली लख्ख, पलंग खिडकीशी. पॅसेजमधल्या अरुंद टेबलावर ते एक मशीन, आणि त्याच्यासमोर केबी, चेहरा पडलेला. मी म्हटलं, भाऊजी, जिंकलात ना, मग? तर म्हणाले, वहिनी, दोनशेबारा रिकामे आहेत हो. जन्मभर जागा पुरली नाही या माणसाला, आणि आता उरली तर ती खायला उठली. सोमवारी वही घेऊन दारोदार फिरले. काही ठेवायचंय का, जागा आहे, असं विचारत. नर्सबाईंनी ड्यूटीचा तक्ता दिला, दोन के.बी. मी माझ्या सासूबाईंचे टोमणे दिले, मला आठवतील तेवढे, ते अकरा झाले. तरी भोक बुजेना.

शेवटी वहिनींनीच तोड काढली. आतून बहिणीला विचारलं, अक्का, तुझ्या ऑपरेशनचं सगळं नीट पहिल्यापासून सांगशील का, हे लिहून घेतायत. गेले चार दिवस अक्का पलंगावरून सांगतायत आणि केबी पॅसेजमध्ये बसून टाइप करतायत. आज सकाळी डोकावले तेव्हा एकशेचाळीस के.बी. झाले होते, आणि अक्का अजून हॉस्पिटलला जायला रिक्षा मिळत नव्हती तिथवरच आल्या होत्या.